बर्कलेचा घाट आणि आपली माणसं : वाचनालयाच्या दालनासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

कर्जतला पुण्याकडच्या गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात आणि तेवढ्यात आपला वडा घेऊन होतो. बँकर लावावे लागतात ते बोरघाटातल्या चढामुळे: ३७ फुटांना १ फूट. हा चढ आखणारा जेम्स जॉन बर्कले. त्याच्यावर आणि त्याच्या घाटावर एक कायमचं दालन आपल्या वाचनालयात उभं करायचं आहे, त्यासाठी हे आवाहन.

रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला हा इंजिनिअर १८५० साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य अभियंता म्हणून मुंबईत आला. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी सगळ्यांना पाठ असते. पण त्याचा खरा कस लागला बोरघाटात. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढायचं, २५ बोगदे फोडायचे, ८ मोठे पूल बांधायचे. मधे डोंगराच्या कडेला वळायला जागाच नव्हती, म्हणून त्याने रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ सुरू! १९२९ पर्यंत हे असंच चाललं.

काम १८५६ मध्ये सुरू झालं. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकल्यावरून मजुरांनी दंगा केला आणि पहिल्या कंत्राटदाराने, फॅविएलने, काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्याआल्या वारला. कंत्राट त्याची बायको ॲलिसने पुढे चालवलं. ऐन भरात घाटात ४० हजारांवर माणसं राबत होती आणि कॉलऱ्याने किती दगावली याला हिशेब नाही. बर्कलेही तब्येत खालावून विलायतेला परतला आणि १८६२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी गेला. घाट सुरू झाला एप्रिल १८६३ मध्ये.

बर्कलेचे निबंध, नकाशे टिकलेत. त्या मजुरांचं काय? घाटातून गाडीरस्त्याची वाट दाखवणारा म्हणून सांगतात त्या शिंगरोबा धनगराला निदान देऊळ तरी आहे. म्हणून दालनाची निम्मी जागा मजुरांसाठी ठेवायची, असं कार्यकारिणीत ठरलंय. (यावर वादही झाला. तो झाला ते बरंच झालं.)

तेव्हा दोन गोष्टी मागतो. जुन्या नकाशांच्या प्रती, चौकटी, कपाटं आणि एक चांगला स्कॅनर यांसाठी फूल ना फुलाची पाकळी द्या. रकमेची पावती वाचनालयातच मिळेल. दुसरं म्हणजे घरातली माळ्यावरची ट्रंक उघडा. गँगमन पणजोबाचा बिल्ला, हातोडा, पगाराची चिठ्ठी, एखादा पिवळा पडलेला फोटो, काहीही चालेल. आजीने सांगितलेली घाटातली हकिकत असेल, तर आम्ही घरी येऊन रेकॉर्ड करू.

मात्र कुणीही उत्साहाच्या भरात रुळांवर किंवा बोगद्यात फोटो काढायला जाऊ नये. ते बेकायदा आहे आणि जिवावरचं आहे.

कागदपत्रं रोज संध्याकाळी वाचनालयात आणता येतील. तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ.