हिशोब मिळना, आप्पा

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र उघडं लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं एका गोदामापुरतं ठेवण्यासारखं नाही. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची जी पोरं 'झपाट्याने वाढणाऱ्या' कंपनीत लागतात, त्यांना मुलाखतीत टेबल टेनिस आणि शेअर दाखवतात. रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, कोणी दाखवत नाही. तुम्ही डाळ मिलच्या गादीवरून केळीच्या कंपनीत आलात ते कीर्द-खतावणीची सवय सोबत घेऊन. संध्याकाळी साडेसातला तुमचा एकच प्रश्न असायचा, "हिशोब मिळना का रे भो?" म्हणजे हिशोब जुळला का रे भाऊ? त्या प्रश्नाचे हे आभार.

विक्री आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलंत. ते गणित इथे पुन्हा मांडतो. समजा रोज 10 टनांची एक गाडी भरते आणि शेतकऱ्याला किलोमागे 18 रुपये द्यायचे आहेत. रोजचे झाले 1 लाख 80 हजार. शेतकऱ्याला तिसऱ्या दिवशी पैसे द्यायचे, शहरातल्या दुकानांची साखळी तुम्हाला देणार तिसाव्या दिवशी. मधल्या 27 दिवसांचे 48 लाख 60 हजार कायम अडकलेले. रोज दोन गाड्या झाल्या की 97 लाख 20 हजार. भाडं, खोकी, हमाली यात धरलेलीच नाही. सगळा खर्च जाऊन किलोमागे 2 रुपये सुटत असतील, तर एका गाडीचे रोजचे 20 हजार. त्या नफ्यातून दुसऱ्या गाडीचं भांडवल उभं करायला 243 दिवस लागतात. आणि कंपनी तर तीन महिन्यांत दोनाच्या चार गाड्या करायला निघालेली असते!

म्हणून विक्रीचा विक्रम होतो त्याच महिन्यात पगार दोन दिवस लांबू शकतो. नव्या माणसाला वाटतं कंपनी बुडाली, जुन्याला वाटतं मालकाने पैसे दुसरीकडे लावले. पुष्कळदा दोन्ही खोटं असतं. पैसा गाडीत, गोदामात आणि गिऱ्हाइकाच्या उधारीत बसलेला असतो. उपाय तुम्ही सांगितलेतच. साखळीशी करार करताना आधी दिवस बोलायचे, भाव मग. तिसाचे एकवीस दिवस झाले, तर एका गाडीमागे 16 लाख 20 हजार मोकळे होतात. किलोमागे पंचवीस पैसे सोडले तरी चालतील, पण नऊ दिवस सोडू नयेत. बिल मात्र माल पोचल्याच्या दिवशीच गेलं पाहिजे, आणि त्यावर समोरच्याचा खरेदी क्रमांक हवा. तो नसला की बिल त्यांच्या संगणकात चढत नाही, आणि तीस दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. उशिरा आलेल्या पैशांचं कारण अनेकदा एवढंच असतं.

गुंतवणूकदारांचा पैसा मोजण्याची तुमची रीतही आम्ही उचलली. बँकेत 90 लाख आणि महिन्याला निव्वळ 15 लाख जात असतील तर पैसा सहा महिने पुरणार. पण नवी गुंतवणूक बोलणीपासून खात्यात पडेपर्यंत कित्येक महिने खाते, आणि कबूल झालेली रक्कमही हप्त्याने येते. तेव्हा सहा महिने उरलेत म्हणजे भरपूर वेळ आहे असं नाही, उशीर झालाय असं समजायचं. कामगारानेही हे दोन आकडे विचारावेत. सांगायला टाळाटाळ झाली तर ते उत्तरच आहे.

आता वजनाचं. केळीत तीन वजनं असतात: शेतातल्या काट्याचं, गोदामात उतरल्याचं आणि विकल्याचं. तिन्ही कधीच जुळत नाहीत, जुळायलाही नकोत, कारण माल वाटेत सुकतो. तुमचं सूत्र साधं होतं: आरंभीची शिल्लक अधिक आवक, उणे जावक, उणे घट, बरोबर अखेरची शिल्लक. 'घट' हा रकाना सगळी चूक ढकलायची जागा होऊ नये म्हणून तुम्ही त्याचे चार तुकडे करायला लावलेत: सुकवा, दांडा, डागी माल, आणि सापडत नाही ते. चौथ्याला नाव द्यायला सगळ्यांना लाज वाटायची. पण तो रकाना नसला की चोरी आणि काट्याची खराबी दोन्ही सुकव्यात दडतात. वजन घडाचं की फण्यांचं, हे पावतीवर लिहिलं नाही, तर दांड्याच्या वजनावरून शेतकऱ्याशी भांडण ठरलेलं.

संगणकवाल्यांना तर तुमचे दुप्पट आभार मानायला हवेत. बाहेरून आलेल्या पोरांनी पहिल्या आराखड्यात 'दर' नावाचा एकच रकाना ठेवला होता. इथे नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीचा, भाव वेगळा, पिलांवर घेतलेल्या पिलबागेचा वेगळा, हलक्या प्रतीच्या वापसीचा वेगळा. वर मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबागेचा (पावसाळ्याअखेरची लागवड) हंगाम निराळा. एका रकान्यात हे बसवलं की मुकादम मोबाईलवर जमेल ते टाकतो आणि खरा भाव कागदाच्या चिठ्ठीवर राहतो. मग दोन हिशोब सुरू होतात. दुसरी गोष्ट नावांची. रावेर-यावलच्या एका गावात एकाच नावाचे तीन चौधरी आणि चार पाटील निघू शकतात. नाव ही ओळख नव्हे. मोबाईल क्रमांक, बँक खात्याचे शेवटचे चार अंक आणि शेताचा गट क्रमांक, या तिन्हींपैकी दोन जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. खातं बदललं असेल तर आधी 1 रुपया पाठवायचा आणि जुन्याच मोबाईल क्रमांकावर फोन करून विचारायचं.

दुहेरी पैसे जाण्याची गोष्ट सगळ्यात महाग पडते, म्हणून जरा थांबून सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज जाते-येते. मुकादम 'पाठवा' दाबतो, चक्र फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो. किंवा बँकेकडून 'वेळ संपली' असं उत्तर येतं आणि हिशेब विभाग तीच यादी परत चढवतो. वेळ संपली म्हणजे पैसे गेले नाहीत असं नव्हे. गेले की नाही ते ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून प्रत्येक पावतीला क्रमांक मोबाईलवरच पडला पाहिजे, सर्व्हरवर नाही, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर यंत्रणेने पहिल्याचंच उत्तर परत द्यावं. परत पाठवण्याआधी बँकेत व्यवहाराची स्थिती बघायची, यूटीआर (बँकेचा व्यवहार) क्रमांक मिळाला की तो पावतीवर चढवायचा. वहीत तुम्ही हेच करत होतात: एकाच चिठ्ठीवर दोनदा शिक्का नाही.

संगणक यंत्रणेतला नवा बदल शुक्रवारी संध्याकाळी सोडायचा नाही, हे तर कोणीही सांगेल. तुम्ही त्याला इथला वार आणि इथली वेळ दिलीत. पहाटे केळीची कटाई, दुपारपर्यंत भराई, संध्याकाळी भाव, रात्री गाड्या सुटणार. उरले दुपारचे दोन ते चार. बदल बुधवारी त्या दोन तासांत सोडायचा आणि मागची आवृत्ती परत लावायची पायरी आधी करून बघायची.

माणसं वाढतात तेव्हा काय बिघडतं, त्याचं गणित सोपं आहे. दहा माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या 45. तीस माणसांत 435. शंभरात 4,950. दहाजणांत 'विचारून घे' चालतं, तीसजणांत तेच वाक्य कंपनी बुडवतं. कोणत्या व्हॉट्सअॅप गटात काय ठरलं हे शोधण्यातच सकाळ जाते. तुमचा नियम होता की गटावर ठरलेलं ठरलेलं नाही, वहीत आलेलंच खरं. आम्ही वहीऐवजी एकच सामायिक फाइल ठेवतो. त्यात तारीख, काय ठरलं, कोणी ठरवलं, कधी परत बघायचं. चार रकाने पुरतात. आठ केले की कोणी भरत नाही.

आणि भरती. एका जुन्या माणसाकडे एका वेळी दोनाहून जास्त नवे देऊ नयेत. पाच दिले की जुन्याचं काम थांबतं, नवे एकमेकांकडून चुकीचं शिकतात, आणि महिन्याभराने तीच चूक 'आपल्याकडची पद्धत' म्हणून मिरवते. नव्याने पहिल्या आठवड्यात एक दिवस काट्यावर आणि एक दिवस भराईवर उभं राहायचं, मग तो संगणकवाला असो की जाहिरातवाला. वर्षात तीन वरिष्ठ बदलतात, पदनाम दोनदा बदलतं. ते मनाला लावून घ्यायचं नसतं, पण प्रत्येक बदलाचं पत्र लेखी मागून घ्यायचं असतं. 'आपण सगळे एक कुटुंब' असं कोणी म्हणालं की तुम्ही चष्मा वर करून बघायचात. कुटुंबात हजेरीपट नसतो, आप्पा, हे बरोबरच आहे.

पगाराची चिठ्ठी वाचायला तुम्हीच बसवलंत. कंपनीत 20 माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के कापले जातात आणि कंपनीचाही वाटा असतो. कंपन्या पुष्कळदा तो वाटा 'एकूण पॅकेज'मध्येच मोजून दाखवतात, म्हणून हातात काय पडणार ते वेगळं विचारावं. पगार ठरावीक मर्यादेपुढे असेल तर व्यवसाय कर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2,500. 7 तारखेला टीडीएस (पगारातून कापलेला आयकर), 15 ला निर्वाह निधी भरायचा. या तारखा चुकल्या की दंड कंपनीला, पण खातं रिकामं कामगाराचं. म्हणून दर तीन महिन्यांनी पासबुक स्वतः उघडून बघायचं.

शेअरच्या आमिषाबद्दल थोडक्यात. 'एक हजार पर्याय', म्हणजे ठरल्या किमतीला पुढे तेवढे शेअर घेण्याचा हक्क, हा आकडा एकटा निरर्थक आहे. कंपनीचे एकूण शेअर 10 लाख असतील तर तो 0.1 टक्का, 1 कोटी असतील तर 0.01. एकूण किती, घ्यायची किंमत किती, नोकरी सोडल्यावर किती दिवसांत घ्यावे लागतात, हे तीन प्रश्न लेखी विचारायचे. साधारण चार वर्षांत हक्क मिळतो आणि पहिल्या वर्षाआधी काहीच नाही. अकराव्या महिन्यात राजीनामा दिला तर हात रिकामे. शिवाय शेअर घेताना बाजारभाव आणि घ्यायची किंमत यांतला फरक पगारात धरून त्यावर कर लागतो, शेअर विकून पैसा हातात आलेला नसला तरी.

खोक्यांचंही राहिलं. ताज्या केळीवर जीएसटी नाही, म्हणून खोक्यांवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. भाव ठरवताना हुशार पोरं हमखास इथे चुकतात. आणि खोकी करणारा 'उद्यम' या सरकारी नोंदणीचा लघुउद्योजक असेल तर लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे. नाहीतर तो खर्च दिल्याशिवाय आयकरात धरता येत नाही. आपल्याला उशिरा मिळाले म्हणून त्याला उशिरा द्यायचे, हे तुम्ही कधी चालू दिलं नाहीत.

रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची खोली, तुमचा विषय नव्हता, तरी दारावरची नोंदवही तुमचीच. कच्चा माल 13 अंशांच्या खाली गेला की सालीला चरका बसतो आणि मग पिवळा रंग खुलत नाही. पिकवताना 16 ते 18 अंश, 24 तास इथिलीन हा पिकवणारा वायू, नंतर दार उघडून हवा बदलायची. पिकणारं केळं स्वतः उष्णता सोडतं, म्हणून हवेचं नाही, गराचं तापमान दर तासाला लिहायचं. भुसावळच्या मे महिन्यात वीज गेली की जनरेटर सुरू व्हायला दहा मिनिटं लागली की चाळीस, हे त्या वहीतूनच कळतं.

शेवटचं सुट्ट्यांचं. बाहेरून छापून आलेल्या सुट्ट्यांच्या यादीत आखाजी (अक्षय्य तृतीया) नव्हती, खानदेशातला कानबाईचा सण नव्हता. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि भराईची माणसं गावी जातात. यादीत असो नसो, गोदाम रिकामंच असणार. श्रावणात उलट. उपवासामुळे केळीला मागणी चढलेली आणि त्याच महिन्यात कानबाईचा रविवार. तुम्ही यादीवर पेनाने दोन ओळी लिहिल्यात, आणि त्या आठवड्याची भराई आधीच वाटून देता येते हे सगळ्यांना कळलं. रजेचे अर्ज तीन आठवडे आधी, तालुक्यानुसार पाळ्या, आणि एका गावची सगळी माणसं एकाच पाळीत नाहीत.

तब्येतीला जपा. काकूंना नमस्कार.

आपले,
गोदाम, हिशेब आणि संगणक विभागातले सगळे

ता. क. आजची मिळवणी 7 वाजून 50 मिनिटांनी झाली. चौथ्या रकान्यात 14 किलो आहेत. उद्या काटा तपासायला माणूस बोलावलाय.