बी पडू द्या, मग कंद काढा : मा. वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील रानांतून औषधी वनस्पती ज्या रीतीने काढून नेल्या जात आहेत, तिकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्यांच्या विक्रीला माझा विरोध नाही. कोकणा, महादेव कोळी, ठाकर आणि वारली कुटुंबांच्या हाती त्यातून चार पैसे येतात आणि ते यायलाच हवेत. चिंता आहे ती अवेळी आणि मुळासकट होणाऱ्या काढणीची.

सफेद मुसळीचेच पाहा. पहिल्या पावसानंतर तिला कोंब फुटतो, पावसाळ्यात पांढरी फुले येतात, पुढे बी पडते आणि पाने पिवळी होऊन सुकली की मुळ्या पक्व झाल्या असे समजतात. परंतु पाने सुकल्यावर रोप गवतात सापडत नाही, म्हणून ते हिरवे असतानाच खणले जाते. त्यामुळे बी पडत नाही, मालही कच्चा राहतो आणि कच्च्या मालाला व्यापारी भाव पाडून देतो. रोप हिरवे असताना शेजारी खुंटी ठोकून ठेवली, पाने सुकल्यावर खणले आणि कोंबाचा माथा दोन-तीन मुळ्यांसह पुन्हा मातीत लावला, तर त्याच जागी पुढच्या वर्षी मुसळी उगवते. सालीचेही तसेच आहे : अर्जुनाची साल खोडाभोवती गोल सोलली की झाड उभ्या उभ्या वाळते, एका बाजूची पट्टी काढली तर जगते. नरक्या हे छोटे झाड कर्करोगावरील औषधासाठी सह्याद्रीत समूळ तोडले गेले, हे आपले खाते जाणतेच.

त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, याचे समाधान आहे. मात्र गुळवेल, शतावरी, वावडिंग आणि कळलावी या वनस्पती अशा राखीव क्षेत्रांबाहेरच्या माळांवर आणि बांधांवरही वाढतात, आणि तेथे राखण गावाशिवाय कोण करणार?

कायद्याने गावाला तो अधिकार दिलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातील गौण वनोपजाच्या (इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य मालाच्या) व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे आणि कंद स्पष्टपणे येतात, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या बंधनकारक केल्या आहेत. म्हणून माझी विनंती अशी की, कोणती वनस्पती कोणत्या महिन्यात आणि किती काढायची याचे वेळापत्रक ग्रामसभेने ठरवावे आणि वनखात्याने वाहतुकीच्या नाक्यांवर त्याची अंमलबजावणी करावी. खात्याच्या रोपवाटिकांत सागाबरोबर हिरडा, बेहडा, मुरुडशेंग आणि नरक्या यांची रोपेही तयार व्हावीत, आणि त्यांचे बी गावांतूनच योग्य दराने विकत घ्यावे. वनस्पतींची ओळख पटवण्यासाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे, त्याची मदत घेता येईल.

२०२७ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी जडीबुटीची मागणी वाढेल, हे उघड आहे. त्या पावसाळ्यापूर्वी हे वेळापत्रक लागू व्हावे, अशी आग्रहाची विनंती करतो.

आपला,
नाशिकमधील एक वनस्पतिशास्त्र शिक्षक