दर एकदाच लिहा, सगळीकडे दाखवा

महोदय,

मुदत ठेवीचा दर वेबसाइटवर एक, ॲपमध्ये दुसरा आणि शाखेतल्या पडद्यावर तिसरा दिसला, की ठेवीदार काउंटरवरच्या माणसाशी भांडतो. त्याचा बिचाऱ्याचा दोष नसतो. तोच मजकूर तीन जण तीन ठिकाणी टाइप करतात, हे खरे दुखणे.

त्यावर हल्ली हेडलेस सीएमएस, म्हणजे मजकूर सांभाळणारी पण तो कसा दिसावा हे न ठरवणारी प्रणाली, सुचवली जाते. मजकूर एका जागी ठेवायचा आणि वेबसाइट, ॲप, व्हॉट्सॲप यांनी तो एपीआयवरून (प्रणालींमधल्या देवाणघेवाणीच्या वाटेवरून) उचलून आपापल्या पद्धतीने मांडायचा. हिंजवडी-खराडीत हे काम जाणणाऱ्यांची वानवा नाही. पण पुण्यातल्या सहकारी बँकांनी सॉफ्टवेअरआधी मजकुराचे रकाने पाडावेत. किमान-कमाल दिवस, रकमेचा टप्पा, दर, ज्येष्ठांचा जादा दर, लागू तारीख, सगळे सुटे. दर निव्वळ संख्या म्हणून साठवावा. टक्क्याचे चिन्ह आणि मराठी अंक ही पडद्याची कामे. वर्डमधले कोष्टक एकाच चौकटीत चिकटवले, तर कितीही महागड्या प्रणालीतून ॲपला दर वेचता येत नाही.

तारखेचा घोळ तर हमखास. १ एप्रिलची मध्यरात्र यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ३१ मार्च, १८:३० अशी साठते. दाखवताना साडेपाच तास मिळवायचे राहिले, की नवा दर आदल्या दिवसापासूनच लागू दिसतो. इथे वेळेशिवाय नुसती तारीख साठवणे बरे.

‘बदल केला, पण दिसत नाही’ ही तक्रार कॅशेची, म्हणजे झटपट दाखवण्यासाठी साठवून ठेवलेल्या प्रतीची. मजकूर प्रकाशित होताच वेबहुकने (आपोआप जाणाऱ्या निरोपाने) जुनी प्रत काढून टाकावी. तो निरोप कधीकधी पोचतच नाही, म्हणून दरांच्या कॅशेची मुदत पाचेक मिनिटांचीच असावी.

एसएमएससाठी लांब मजकूर कापून पाठवू नये. देवनागरीत एका संदेशात ७० चिन्हे मावतात, काना-मात्रा धरून. जोडसंदेशात दर भागाला ६७. एसएमएसचा रकाना वेगळा, डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे साचे जिथे आधी नोंदवावे लागतात तिथे) नोंदवलेल्या साच्याबरहुकूम.

आणखी एक. हेडलेसमध्ये ‘पान कसे दिसेल’ हा प्रीव्ह्यू बहुधा वेगळा बांधून घ्यावा लागतो. निविदेत तो राहून गेला, की कर्मचारी पुन्हा ईमेलवर वर्डच्या फाइली फिरवू लागतात.

ज्यांची नुसती वेबसाइट आहे त्यांनी या भानगडीत पडूच नये. ॲपही असेल आणि साइट वर्डप्रेसवर असेल, तर डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून त्यात रेस्ट एपीआय आहेच. आधी फक्त दर त्यावरून ॲपला पुरवून पाहावेत. स्वतः जोडलेले रकाने मात्र एपीआयमध्ये आपोआप दिसत नाहीत, ते तसे नोंदवावे लागतात.

— एक वाचक, कोथरूड, पुणे