पश्चिमेच्या भिंतीलगत वेल की गवत

पुणे, १० मे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. घराच्या पश्चिमेकडील रिकाम्या पट्ट्यात काय लावावे यावर तुम्हा दोघांचे एकमत होत नाही आणि निकाल माझ्यावर सोपवला आहे, असे परवाच्या फोनवरून समजले. बाबांना नव्या बंगल्यांच्या फाटकापाशी दिसते ते जांभळ्या तुऱ्यांचे शोभेचे गवत हवे आहे, तर आईला मधुमालती. फोनवर दोघांच्याही बाजू एकाच वेळी ऐकाव्या लागतात आणि माझे म्हणणे अर्धेच राहते, म्हणून हे पत्र. माझे मत आधीच सांगून टाकते: त्या भिंतीलगत वेल लावावी, मात्र ती गच्चीपर्यंत चढू देऊ नये; आणि गवत लावायचेच असेल तर वाळा लावावा, तोही दुसऱ्या जागी.

बाबांचे म्हणणे आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. नर्सरीत ‘फाउंटन ग्रास’ म्हणून मिळणारे हे गवत बाजरीच्या अगदी जवळच्या नात्यातले आहे. भर ऊन त्याला मानवते, मुळे धरली की थोड्या पाण्यावर ते निभावून नेते, तीन-चार फुटांच्या वर सहसा जात नाही, आणि वर्षातून एकदा, थंडी ओसरताना, वीतभर बुडखा ठेवून कापले की त्याचे मोठे काम संपते. त्याला आधार लागत नाही, शिडी लागत नाही, किडीचीही फारशी तक्रार नसते. लातूरच्या पाण्याची स्थिती पाहता हे गुण लहान नाहीत.

परंतु या गवताची साधी, हिरव्या पानांची जात बियांनी अतोनात पसरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेसाठी म्हणून हवाई बेटांवर नेली गेली आणि पुढे तिने तिथली कोरडी माळराने व्यापून टाकली. वाळलेले गवत सहज पेट घेते, वणव्यानंतर तेच सर्वांआधी फुटते आणि तिथली मूळची झाडे मागे पडतात. युरोपीय संघाने २०१७ मध्ये तिच्या विक्रीवर आणि लागवडीवर बंदी घातली. जांभळ्या पानांच्या जातीत रुजणारे बी सहसा धरत नाही, म्हणून ती त्या मानाने निरुपद्रवी असते. पण रस्त्याकडेच्या नर्सरीत पिशवीवर जातीचे नाव कोण लिहितो? आपल्या कुंपणापलीकडे मोकळा प्लॉट आहे आणि वारा पावसाळाभर पश्चिमेकडून येतो. लहानपणी माळावरून घरी आले की परकराला लागलेली कुसळे एकेक करून उपटत बसावे लागे. वाऱ्यावर उडणाऱ्या बियांचे आणखी एक गवत आपण पैसे मोजून आणावे, हे माझ्या मनाला पटत नाही. शिवाय चार-पाच वर्षांत अशा गवताचा गड्डा मधून मरू लागतो आणि कडेचे फुटवे काढून पुन्हा लावण्यासाठी तो खणावा लागतो. आपल्या काळ्या मातीत, तीही उन्हाळ्यात दगडासारखी झालेली असताना, ते काम कोण करणार, याचाही विचार व्हावा.

तरीही माझा मुख्य आक्षेप याहून साधा आहे. तीन-चार फुटांचे गवत त्या जागेचे दुखणे दूर करू शकत नाही. आपली नऊ इंची विटांची भिंत दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत थेट तापते, ती उष्णता काही तासांनी आतल्या बाजूला पोहोचते, आणि म्हणूनच निजायच्या वेळी तुमच्या खोलीची भिंत हाताला गरम लागते. आजोबांच्या माळवदाच्या घरात हा त्रास नव्हता, कारण भिंतीच दोन-दोन हात रुंद होत्या. पण १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडे लोकांनी दगड-मातीच्या जाड भिंतींचा धसका घेतला, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. आता भिंत पातळ आहे आणि वर स्लॅब आहे, तेव्हा ऊन भिंतीवर पडण्याआधीच अडवणे हाच उपाय उरतो. ते काम पानांचा उभा पडदा करू शकतो. गवत शोभा देईल आणि भिंत तशीच तापत राहील.

आता आईच्या मधुमालतीविषयी. तिचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि त्यानंतर लालभडक. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग लोंबताना दिसतात. पांढऱ्या अवस्थेत, अंधार पडल्यावर, तिचा वास सर्वांत जास्त येतो, कारण तेव्हा लांब सोंडेचे निशाचर पतंग तिच्याकडे येतात. फुलाची नळी बोटाएवढी लांब असल्याने तळाचा मध त्यांनाच मिळतो. हे सगळे आईला आवडते ते योग्यच आहे. पण ही वेल अंगाने दांडगी आहे. बुडापासून नवे धुमारे काढते, मिळेल त्या आधाराला विळखा घालते, आणि पान गळल्यावर देठाचा उरलेला भाग वाळून काट्यासारखा टणक होतो, त्याच्या अडकणीवर ती आणखी वर सरकते. छाटताना हाताला ओरखडे येतात ते या देठांचे. मोकळी सोडली तर वीस-पंचवीस फूट सहज जाते आणि मग विजेची तार, पाण्याची टाकी, डिशची छत्री काहीही सोडत नाही. सुतळी किंवा बांबूच्या काटक्या तिच्या ओझ्याने दोन पावसाळ्यांत मोडतात.

बोगनवेल पाणी आणखी कमी मागते, हे खरे; पण तिच्या काट्यांशेजारून रोज ये-जा करायची असल्याने ती मी विचारात घेत नाही. जुई नाजूक आहे आणि पूजेला फुले देईल, परंतु भिंत झाकण्याइतका तिचा भार होत नाही. तिला अंगणातल्या नळापाशी जागा द्यावी.

म्हणून माझी सूचना अशी आहे की भिंतीपासून हातभर पुढे लोखंडी चौकट उभी करून तिला जाड तारेची जाळी लावावी आणि तिची उंची सात फुटांपेक्षा अधिक ठेवू नये. भिंत आणि पाने यांच्यात मोकळी जागा राहिली म्हणजे हवा खेळते, भिंतीला ओल धरत नाही आणि पुढेमागे रंग द्यायचा झाला तर माणूस मध्ये शिरू शकतो. भिंतीचा वरचा दोन-तीन फुटांचा भाग उघडा राहील, तो राहू द्यावा. वेलीचे नवे शेंडे वर झुकून त्यातला काही भाग झाकतीलच. जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या कात्रीने शेंडे खुडता आले पाहिजेत, हीच माझी मुख्य अट आहे. बाबा, तुम्ही शिडीवर चढणार नाही असे मला फोनवर तीनदा सांगितलेत, आणि आईने मागून काय सांगितले तेही मला ऐकू आले. नव्या फुटीवर फुले येत असल्यामुळे बहर संपल्यावर निर्धास्तपणे छाटावी. ती रुसत नाही.

वेलीचे बूड मात्र भिंतीला चिकटून नको. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसून भेगाळते; पायाजवळ एका जागी रोज पाणी पडत राहिले तर तिथली माती फुगलेली आणि शेजारची आकसलेली राहते, आणि भिंतीला तिरपे तडे जातात. गल्लीतल्या किती घरांना ते गेले आहेत, हे बाबांनाच अधिक माहीत आहे. तेव्हा खड्डा पायापासून चार फूट तरी दूर, कुंपणाच्या बाजूला घ्यावा आणि वेल तिथून तारेवरून जाळीकडे वळवावी. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल पुरे. काढलेल्या मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा, म्हणजे पावसाळ्यात मुळांशी पाणी साचणार नाही.

पाण्याबाबत आईची काळजी मला समजते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर आले होते. त्या उन्हाळ्यात कुंडीतली तुळस जगवणेही कठीण होते. मधुमालतीला पहिले दोन उन्हाळे सांभाळावे लागेल. पुढे मुळे खोल गेल्यावर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दिले तरी ती तग धरते. काही पाने गाळेल, पण मरणार नाही. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी अवश्य घालावे. मात्र पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणारे आणि कूलरच्या टाकीत उरलेले पाणी रोज घालू नये. आपले बोअरचे पाणी मुळातच जड आहे आणि या दोन्ही पाण्यांत क्षार आणखी दाटलेले असतात. निचरा न होणाऱ्या काळ्या मातीत ते साठत जातात आणि पानांच्या कडा करपतात.

राहता राहिले गवत. स्लॅबचे पाणी ज्या कोपऱ्यात पन्हळीतून पडते आणि दर पावसाळ्यात माती वाहून नेते, तिथे वाळ्याचे ठोंब एका ओळीत, वीत-वीत अंतरावर लावावेत. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, मोकळ्या जमिनीत नऊ-दहा फुटांपर्यंतही पोहोचतात. म्हणूनच बांधावर माती अडवण्यासाठी तो लावतात. तो हराळीसारखा धावत सुटत नाही. पाते गुडघाभर ठेवून कापत राहावे, म्हणजे दाट राहतो आणि खाली उंदरांना लपण कमी मिळते. दीड-दोन वर्षांनी एखादा ठोंब उपटला तर माठात टाकायला मुळांची जुडी घरचीच होईल. दिसायला तो साधा आहे, हे बाबांचे म्हणणे आधीच मान्य करते. जांभळे गवत हवेच असेल तर पानेही जांभळी असलेले एक रोप पाहून आणावे आणि फाटकाजवळ मोठ्या कुंडीत ठेवावे. त्याला माझी हरकत नाही.

खड्डा याच महिन्यात घेऊन उन्हात तापू द्यावा, मृगाआधी भरावा, आणि दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. खोलीच्या खिडकीची रुंदी आणि जमिनीपासून छज्ज्यापर्यंतची उंची मोजून कळवावी, म्हणजे मी वेल्डरशी बोलून चौकटीचे माप ठरवते. माप आईने घ्यावे. बाबांनी टेपचे दुसरे टोक खाली धरावे.

तुमची,
ताई