रात्री छळणाऱ्या पाठदुखीच्या तपासणीसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

ऑपरेशनसाठी मदत मागितली की हात लगेच पुढे येतात. तपासणीसाठी मागितली की प्रश्न येतो, “एवढं काय झालंय?” आमच्या रुग्णसहाय्य समितीला या वेळी तपासणीसाठीच पैसे हवे आहेत.

साधारण 10 ते 25 वयाच्या काही मुलामुलींच्या मणक्यात ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची गाठ होते. हा कॅन्सर नव्हे. ती पसरत नाही, आणि असते जेमतेम दीड सेंटिमीटरची. दुखणं मात्र असं, की मूल मध्यरात्री उठून बसतं. गाठीत प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं वाढवणारं रसायन तयार होतं; वेदनाशामक गोळी तेच रोखते, त्यामुळे छान आराम पडतो आणि घरचे निर्धास्त होतात. (मुलांना मनाने अ‍ॅस्पिरिन देऊ नका, ते धोक्याचं आहे.) पुढे पाठ एका बाजूला वाकू लागते. मग दप्तर, मोबाइल, बसायची पद्धत, सगळ्यांना दोष देऊन होतो. शाळा चुकवायचं नाटक, हा आरोप तर ठरलेलाच.

एक्स-रेत मणक्याच्या मागच्या भागातली हाडं एकमेकांवर येतात, त्यात गाठ सहज लपते. एमआरआयमध्ये भोवतालची सूजच इतकी उठून दिसते, की जंतुसंसर्गाची किंवा भलत्याच ट्यूमरची शंका येते. हवा असतो तो नेमक्या जागेचा, पातळ छेदांचा सीटी स्कॅन; जागाच कळत नसेल तर आधी बोन स्कॅन, म्हणजे किंचित किरणोत्सारी औषध टोचून काढलेलं हाडांचं चित्र. तिथे पोचेपर्यंत कुटुंबाचे पैसे मालिश आणि पट्ट्यांत संपलेले असतात.

निदान झालं की उपाय आहेत. काहींचं औषधांवर भागतं. काहींची गाठ सीटीत बघत, सुई घालून रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने, जाळतात. नसेला खेटून असेल तर बहुधा ऑपरेशन. फार उशीर झाला तर गाठ काढूनही पाठीचा बाक राहू शकतो, आमची घाई आहे ती त्यासाठी. ऑस्टिओब्लास्टोमा ही तशीच पण आकाराने मोठी गाठ, जणू तिची मोठी बहीण; ती वाढतच जाते, तिला सहसा ऑपरेशनच लागतं.

रक्कम कितीही चालेल. ती थेट तपासणी केंद्रात भरू आणि पावती तुम्हाला दाखवू. रेडिओलॉजिस्ट मंडळींनी महिन्यातून तासभर जुन्या फिल्म पाहून दिल्या, तरी काही स्कॅन पुन्हा करावे लागणार नाहीत. आणि शिक्षकांनो, वर्गात रात्रीच्या पाठदुखीने पेंगणारं, एका बाजूला कलून बसणारं मूल दिसलं तर रागावण्याआधी पालकांना आमच्याकडे पाठवा.