सुध्या, रबर लपवून ठेव

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतोय, तो विषय संपला. फोटोवरून काढलेल्या तुझ्या पेन्सिलच्या चित्राचा फोटो पाहिला. पापणीचा केस न् केस आलाय. आणि खाली तुझी ओळ: 'जमलं, पण परत पेन्सिल धरावीशी वाटत नाही.' म्हणून लगेच लिहायला बसलो.

लेका, ग्रिड टाकून फोटो चौकोना-चौकोनाने उतरवायचा म्हटलं की काय दिसावं, काय अंधारात जावं, हे कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. तुझ्या वाट्याला उरते हमाली. (आपली मंदी म्हणेल, हमालीलाही कसब लागतं. लागतं, पण तो वाद आता पुरे.)

आता जरा सैल, एक्स्प्रेसिव्ह, म्हणजे भाव पकडणारं रेखाटन करून बघ. एचबी ते आठबी पेन्सिलींचा डबा बंद कर. चारकोलची, म्हणजे कोळशाची, मऊ कांडी घे, बोटभर तुकडा मोडून आडवा धर. कागद मोठा आणि स्वस्तातला, न्यूजप्रिंट चालेल. भारी कागद बघून हात आखडतो. बोर्ड उभा लाव, हातभर मागे उभा राहा आणि खांद्यातून हात फिरव. नुसत्या मनगटाचा पल्ला चार-पाच इंचांचा, म्हणून त्यातून केसाळ, तुटक रेघा निघतात.

समोर फोटो नको, जिता माणूस हवा. ३० सेकंदांची दहा स्केचेस, मग मिनिटाची पाच, शेवटी पाच मिनिटांची दोन. ३० सेकंदांत नाक-डोळे होतच नाहीत, तेच हवंय. एका पायावर भार टाकून उभा असेल, तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या घोट्यापाशी येतो. त्या बाजूची कंबर वर, खांदा बहुधा खाली. या तीन रेघा जागेवर पडल्या की बाकीचं कितीही सैल सोड. चुकल्या की गिचमीड. नानांच्या वर्गात 'कसंही ओढलं की झालं एक्स्प्रेसिव्ह' म्हणून खिदळायचास ना, ते इथे आपटतं.

रेघ चुकली तर खोडू नकोस, शेजारी बरोबर रेघ जरा गडद ओढ. सावलीसाठी डोळे किलकिले कर: उजेड आणि अंधार, दोनच गठ्ठे. अंधार कांडीच्या अंगाने एका दमात भर. बोटाने घासलंस तर पूड कागदाच्या दाण्यांत दाबली जाते आणि सगळं मळकट राखाडी होतं. ही तुझी जुनी खोड. केस मागच्या अंधारात मिसळतात तिथे कड आखूच नकोस.

फ्रेंच शिल्पकार रोदँ मॉडेलवरून नजर न काढता, कागदाकडे न बघता रेखाटायचा. अधूनमधून तसंही कर, हसू येईल असे चेहरे निघतील. आणि १८८८ मध्ये व्हॅन गॉगने फ्रान्समधल्या आर्ल्सला बोरूने काढलेली शेतं बघ. गवताला वेगळी खूण, नांगरटीला वेगळी, आभाळाला नुसते ठिपके. बोरूत शाई फार टिकत नाही, म्हणून रेघ ओढता ओढताच सुकत जाते. असं पेन्सिलीने होत नाही.

बाकी, नव्या नोकरीचं काय झालं? चिंगीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

या स्केचेसपैकी बरीच फाडशील, फाड. दोन-तीन मला पाठव, पण फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर पक्का बसवणारा फवारा) मारून: फूटभर लांबून, दोन हलके हात, मध्ये वाळू दे. एकदम ओलं केलंस तर कोळसा ओघळेल.

तुझा,
बाळ्या