सायकली भंगारात देण्याच्या नोटिशीबद्दल

अध्यक्ष काका, नमस्कार,

लिफ्टजवळची नोटीस वाचली, रविवारपर्यंत सगळ्या सायकली हलवा नाहीतर भंगारवाल्याला देणार. पंपरूममागे वर्षानुवर्षं हवा गेलेल्या पडल्यात त्या खुशाल द्या, पण त्यांच्यातच माझी निळी सायकल असते आणि ती मी रोज चालवते. कोथरूडहून कर्वे रोडने डेक्कन, पंचवीस मिनिटं, आणि नळस्टॉपच्या सिग्नलला अडकलेले आपल्याच बिल्डिंगमधले दोघंतिघं मला रोज दिसतात.

जागेची अडचण आहे हे मलाही कळतं हो. पण सायकलींना आपण दिलाय तो कोपरा बघितलात का, टाकीचा पाइप तिथेच गळतो, गेल्या पावसाळ्यात माझी चेन गंजून बदलावी लागली, आणि पुढे टू-व्हीलर इतक्या खेटून लावतात की सायकल काढायला आधी दोन गाड्या सरकवायच्या, त्यातल्या एकीचं हँडल लॉक असलं की वॉचमनकाकांना बोलवून मागचं चाक उचलायचं. रोज सकाळी हे करायचं म्हटल्यावर कोण सायकल काढेल? आणि मग आपणच म्हणतो की सायकल कोणी वापरत नाही.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पोळ्यांच्या मावशींचं. त्या सुतारदऱ्यातून सायकलवर येतात, पाच घरं करतात आणि त्यांना सायकल गेटच्या आत लावू देत नाहीत. दिवाळीआधी त्यांची सायकल फुटपाथवरून चोरीला गेली, महिनाभर चालत येत होत्या.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते तुम्ही स्वतः पाहिलंय काका. २००६ ला बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, आली तेव्हा सातारा रोडला सायकल ट्रॅक केले, २०१७-१८ ला भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्या, ते काही आपल्या हातात नव्हतं. पार्किंग मात्र आपल्या हातात आहे. मार्च २०२२ पासून वनाझहून मेट्रो आहे, आपल्याकडून स्टेशन चालत लांब पण सायकलवर पाच मिनिटं, तरी लोक तिथपर्यंत रिक्षा शोधत बसतात.

गेस्ट पार्किंगमधली एकच जागा द्या. एका फोरव्हीलरच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात बसतात. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइपच्या उलट्या यू आकाराच्या कमानी करून जमिनीत पक्क्या बसवायच्या म्हणजे फ्रेम आणि चाक दोन्हीला कुलूप लागतं, फक्त पुढचं चाक अडकवायचे स्टँड नकोत, त्यात रिम वाकते. प्रत्येक सायकलला फ्लॅट नंबर लावायला सांगा, महिन्याभरात ज्यांना नंबर नाही त्या भंगारात. मावशींची आणि वॉचमनकाकांची पण आतच लागू दे. वर्गणी काढायची असेल तर पहिले पैसे माझे.

रविवारच्या मीटिंगला येतेच आहे, टेप घेऊन येते, जागा मोजूनच दाखवते. तोपर्यंत निळ्या सायकलला हात लावू देऊ नका, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने बी-३०२ लिहिलंय.

आपली,
बी-३०२